दोन दोर

जिल्ह्याहून दोनशे पोस्टर आली.
गुळगुळीत कागद, त्यावर गुबगुबीत बाळ,
मागे खिडकी, खिडकीत कुंडी.
आमच्या सूममध्ये कुंडी कुणाकडेच नाही.
मी दोन चिकटवली, एक कचेरीच्या दारावर,
एक पेट्रोलपंपावर. तिसऱ्या दिवशी वाऱ्याने
पंपावरचं बाळ नेलं, बहुतेक चीनच्या दिशेने.

"मजकूर वाचून दाखवा," वरून फोन आला.
म्हणून डिसेंबरात, जनावरं मोजायच्या दिवशी,
जेव्हा घरटी एकाला यावंच लागतं
आणि जो तो दोन-चार मेंढ्या कमी सांगतो,
मी भोंगा घेतला. वाचलं:
गोवर. पहिली मात्रा नवव्या महिन्यात,
दुसरी दोन वर्षांची झाल्यावर. मोफत. आपल्या बाळाचा हक्क.
‘हक्क’वर कुणीतरी शिंकलं.
भोंगा खरखरला. उंटांनी कान टवकारले,
माणसांनी नाही.

मग मी अक्कल पाजळली:
"मेंढ्यांना टोचायला तर पहाटेपासून रांग लावता!"
कुणी बोलेना. शेवटी नेरगुई आजोबा म्हणाले,
"मेंढ्यांना जो टोचतो, तो माझ्या गेरमध्ये चहा पितो.
एकदा त्याच्या हातून दोन मेंढ्या गेल्या.
पळाला नाही. वसंतात पुन्हा आला.
तुझा गाडीतला डॉक्टर सोमवारी येतो,
मंगळवारी कुठे असतो?"

याचं उत्तर पोस्टरवर छापलेलं नव्हतं.

फेल्डशर त्सेरेनखंड गप्पच होती.
ती बावीस वर्षं इथे असते, सोमवारी, मंगळवारी,
तिची मोटरसायकल खोकली की कुत्री भुंकायची थांबतात.
तिने कपाटातून वही काढली,
तिच्या आधीच्याची, त्याच्याही आधीच्याची,
पानं चहात बुडवल्यासारखी,
आणि भोंग्याशिवाय वाचू लागली.
एका हिवाळ्यातली नावं. नुसती नावं.
आल्तनगेरेल, वय चार.
मुंखझुल, वय दोन.
बापाचं नाव एकच. मध्ये नऊ दिवस.

नेरगुई म्हणजे ‘नाव-नाही’.
कुठे दगडू ठेवतात, कुठे धोंडू, आमच्याकडे हे.
मरण दारात आलं, हाक मारू लागलं,
तर त्याला वाटावं, इथे कुणी राहतच नाही.
एकाहत्तर वर्षं हे नाव अंगावर घालून हिंडलेला माणूस
पहिल्यांदा ऐकत होता
ते कुणाच्या मागून त्याच्याकडे आलं.
आई कधी बोलली नव्हती.
त्याने टोपी काढली. पुन्हा घातली. थंडी होती.

इथे मी लिहायला हवं, की सगळ्यांनी बाह्या वर केल्या.
तसं झालं नाही. अकरा कुटुंबं तशीच निघून गेली.
एकीने त्सेरेनखंडला शिव्या घातल्या,
मेलेल्यांची नावं अशी उघड्यावर घेतात का म्हणून.
(तिचंही बरोबर असेल.)

शुक्रवारी नेरगुई आले. दोन वर्षांची नात
डेलच्या आत, कोकरू आणावं तशी छातीशी.
मी कार्ड भरायला घेतलं. नाव?
"खुनबिश." ‘माणूस-नाही’.
म्हटलं, आजोबा, आता लस आहे ना,
आता तरी पोरीला नीटसं नाव द्या.
म्हातारा माझ्याकडे बघत राहिला,
शहरात शिकून आलेल्याकडे बघतात तसा.
"गेर एका दोरावर बांधतोस का रे तू?
सुई दे. नाव राहू दे.
वारा कुणी पाहिलाय?"

पोर रडली. त्सेरेनखंडने तिच्या मुठीत
वाळल्या दह्याचा खडा दिला. म्हणाली,
मंगळवारी येते मी चहाला.

वार्षिक अहवालात रकाने असतात:
जनजागृती साहित्य, प्राप्त, वापरलेले, शिल्लक.
मी लिहिलं, दोनशे, दोन, एकशे अठ्ठ्याण्णव.
वहीसाठी रकाना नव्हता.
उरलेल्या पोस्टरांच्या कोऱ्या बाजूवर
आता आम्ही जनावरांची मोजणी लिहितो.
तिथेही दोन-चार मेंढ्या कमीच भरतात.